उभ्या गाडीचे रोग

वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये उभी राहिलेली फियाट बाहेर काढली, नवी बॅटरी जोडली आणि बऱ्याच खटपटीनंतर इंजिन सुरू झाले, तरी तो आनंद बहुधा टिकत नाही. इंजिन चालते, पण लयीत चालत नाही. सगळी गाडी थरथरते, सिग्नलला बंद पडते, चढावर दम टाकते. गॅरेजच्या भाषेत ती ‘मिसिंग’ मारते. मग प्लग बदलले जातात, पॉइंट बदलले जातात, कंडेन्सर नवा येतो, टायमिंग मागेपुढे केले जाते, आणि काही दिवसांनी दुखणे पुन्हा उभे राहते. अशा वेळी दोष गाडीच्या वयाला दिला जातो, नाहीतर मिस्त्रीच्या हाताला. माझ्या मते दोष या दोघांचाही नसतो. तो तपासणीच्या क्रमाचा असतो आणि त्या क्रमाला इतिहास आहे. मुंबईच्या गॅरेजांचे ज्ञान धावत्या गाड्यांवर घडले. धावणाऱ्या गाडीचे रोग वेगळे आणि उभ्या गाडीचे वेगळे. उभ्या गाडीच्या निदानात पहिला प्रश्न ‘आवाज कसा येतो’ हा नसतो. गाडी कधीपासून उभी आहे, कुठे उभी होती आणि टाकीत कोणत्या सालचे पेट्रोल होते, हे आधी विचारावे लागते. आज उरलेल्या जवळजवळ सगळ्या जुन्या फियाट उभ्या असतात, म्हणून हा फरक आता नीट मांडण्याची गरज आहे.

आधी हे ज्ञान घडले कसे ते पाहू. १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता. परदेशी गाड्यांचे सुटे भाग बंदरात उतरत आणि इथे जोडले जात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या व पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की ज्यांना टप्प्याटप्प्याने भारतातच सुटे भाग बनवायचे नाहीत त्यांनी नुसती जुळणी थांबवावी. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये इथले जुळणीचे काम आटोपले. त्यानंतर तीसेक वर्षे भारतीय ग्राहकापुढे मुख्यतः तीनच गाड्या होत्या: उत्तरपाड्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. फियाट ११०० चे बाह्यरूप बदलले, नाव डिलाइट झाले, प्रेसिडेंट झाले, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाले. पण १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन मूळ रचनेत तेच राहिले. शतक बदलेपर्यंत ते बनत होते. एका मिस्त्रीचे अख्खे आयुष्य एका इंजिनावर जावे, आणि त्याच्या हाताखालच्या पोऱ्याचेही जावे, अशी परिस्थिती जगात फार थोड्या शहरांनी अनुभवली असेल. टंचाईने ग्राहकाला वर्षानुवर्षे रांगेत उभे केले हे खरे, पण त्याच टंचाईने दुरुस्तीच्या धंद्याला विलक्षण खोली दिली.

या धंद्याची खरी शाळा होती काळी-पिवळी टॅक्सी. साठच्या दशकापासून मुंबईत टॅक्सी म्हणजे फियाट हे समीकरण पक्के झाले. टॅक्सी अनेकदा दिवसपाळी आणि रात्रपाळी अशी दोन चालकांच्या हाती फिरे. खासगी गाडीला वर्षभरात पडणारे किलोमीटर ती दोन-तीन महिन्यांत तोडत असे. अशा गाडीत काय बिघडते? डेल्कोतले, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट प्रत्येक ठिणगीबरोबर थोडे थोडे जळतात आणि त्यांची फट बदलते. प्लगवर काजळी बसते. टॅपेट ढिले होतात. साखळी आणि गिअर झिजल्याने टायमिंग सरकते. या बिघाडांचा मोठा वाटा ठिणगीकडचा, म्हणजे विजेच्या बाजूचा आहे. उलट, टॅक्सीच्या टाकीतले पेट्रोल कधी जुने होत नसे, कारण ते रोज भरले जाई आणि रोज संपे. कार्बोरेटर कधी सुकत नसे. रबर सतत पेट्रोलने ओले राही. म्हणून ‘आधी करंट बघ, मग पेट्रोल बघ’ हा क्रम मुंबईच्या गॅरेजात मुरला. तो अडाणी नव्हता. ज्या गाड्या रोज समोर येत होत्या त्यांच्यासाठी तोच बरोबर होता. मात्र तोच क्रम पंधरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीला लावला की निदान चुकते, कारण त्या गाडीचे पॉइंट जळलेलेच नसतात. तिथे बिघाड घर्षणाने झालेला नसतो, नुसत्या काळाने झालेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जुन्या मिस्त्रीला क्रमाची गरजच नव्हती, तो कानाने ओळखत असे. या समजुतीबद्दल मला आदर आहे, पण हिशेब करून पाहावा. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेरीला दोन ठिणग्या पडतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी संथ चालत असेल, तर मिनिटाला १६०० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. त्यांतला एक सिलिंडर मेला, तर सेकंदाला सहा-सात वेळा लय तुटते. ही तुटलेली लय कान नक्की पकडतो, सराव नसलेला कानही पकडतो. पण त्या सिलिंडरला ठिणगी मिळाली नाही, की पेट्रोल मिळाले नाही, की व्हॉल्व्ह नीट न बसल्याने दाब निसटला, हे त्या आवाजातून वेगळे करता येत नाही, कारण तिन्ही कारणांचा आवाज जवळजवळ एकच असतो. कान ‘बिघाड आहे’ एवढे सांगतो, ‘का आहे’ ते सांगत नाही. टॅक्सीच्या बाबतीत मिस्त्रीचा अंदाज वारंवार खरा ठरे, त्याचे कारण कानापेक्षा शक्यतेच्या गणितात होते: रोज धावणाऱ्या गाडीत दोष विजेचा असण्याची शक्यता मुळातच जास्त होती.

शिवाय चांगला मिस्त्री कानावर थांबतही नसे. त्याची पद्धत पाहिली तर ती वजाबाकीची आहे. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने तो एकेक प्लग शॉर्ट करी. ज्या प्लगने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला, हे त्यातून कळे. कार्बोरेटरच्या तोंडावर तळवा अर्धवट धरून तो हवा कमी करी. तेवढ्याने इंजिन सुधारले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजे जेट तुंबला आहे किंवा कुठून तरी फालतू हवा आत शिरते आहे. कॉम्प्रेशन कमी वाटले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. प्रत्येक कृती एका शक्यतेला बाद करते. ही पद्धत कुठल्याही प्रयोगशाळेच्या तोडीची आहे आणि ती उभ्या गाडीलाही जशीच्या तशी लागू पडते. तिथे एकच गोष्ट बदलावी लागते: शक्यतांची रांग. आणि ती रांग लावायची तर उभे राहिल्याने यंत्रात नेमके काय होते हे माहीत हवे.

चार सिलिंडरांच्या इंजिनात कोणत्याही क्षणी एक सिलिंडर मिश्रण आत घेत असतो, एक ते दाबत असतो, एकात ज्वलन होत असते आणि एक धूर बाहेर टाकत असतो. इंजिन बंद केले की ही विभागणी साधारण तशीच गोठून राहते. फियाटमध्ये ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असा आहे. समजा पहिला सिलिंडर ज्वलनाच्या टप्प्यात थांबला. मग पहिला आणि तिसरा यांचे व्हॉल्व्ह बंद राहतात. चौथ्याचा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा असतो, दुसऱ्याचा बाहेर सोडणारा. म्हणजे दोन सिलिंडर झाकलेले, आणि दोन कार्बोरेटर व सायलेन्सर यांच्या वाटेने बाहेरच्या दमट हवेला उघडे. वर्षे जातात तशी या उघड्या सिलिंडरांच्या भिंतींवर आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज धरतो. इथे इतिहास विचारण्याचा उपयोग थेट दिसतो. धावून झिजलेल्या इंजिनात दाब बहुधा चारही सिलिंडरांत थोडाथोडा उतरतो. उभे राहून बिघडलेल्या इंजिनात तो दोघांतच उतरलेला असू शकतो. हा नमुना ओळखला नाही, तर केवळ वरवरच्या गंजासाठी इंजिन उघडले जाते आणि बोअर केले जाते. प्रत्यक्षात असा हलका गंज आणि चिकटलेल्या रिंगा ऑइल मुरवून, इंजिन हाताने फिरवून आणि मग काही काळ सौम्यपणे चालवून अनेकदा सुटतात. याच काळात इतरत्रही बदल होत असतात. पॉइंटवर न जळताही ऑक्साइडचा पातळ थर चढतो. एसी पंपाचा, म्हणजे टाकीतले पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, पडदा कडक होऊन तडकतो. कार्बोरेटरखालचे गॅस्केट आकसते आणि तिथून हवा शिरते. डेल्कोतली टायमिंग पुढे सरकवणारी वजने गंजून एका जागी अडकतात. यांतला एकही दोष मोटारीच्या मीटरवरच्या किलोमीटरमधून कळत नाही. तो कळतो कॅलेंडरवरून.

तरीही उभ्या गाडीच्या रोगांत पहिला मान पेट्रोलचा आहे. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके, सहज पेट घेणारे घटक आधी उडून जातात आणि थंड इंजिन सुरू होणे अवघड बनते. उरलेल्यांपैकी काही घटक हवेतला प्राणवायू घेतात आणि त्यांचा डिंकासारखा चिकट पदार्थ बनतो. हा प्रश्न मोटारीच्या बालपणापासूनचा आहे. विल्यम बर्टन यांनी १९१३ मध्ये जड तेल उष्णतेने आणि दाबाने फोडून पेट्रोल मिळवण्याची पद्धत पेटंट केली. त्यामुळे एका पिंपातून निघणारे पेट्रोल खूप वाढले, पण अशा पेट्रोलमध्ये डिंक धरणारे घटक अधिक असत. पुढच्या दोन दशकांत तेल कंपन्यांना डिंक रोखणारी रसायने शोधावी लागली आणि ती आजही पेट्रोलमध्ये मिसळली जातात. मात्र ही रसायने डिंक लांबवतात, कायमचा थांबवत नाहीत. कार्बोरेटरमधला स्लो जेट, म्हणजे संथ चालीला पेट्रोल पुरवणारे छिद्र, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे असते. मेन जेट त्याहून बराच मोठा असतो. म्हणून डिंकाचा पातळ थर बसला की आधी तुंबतो तो स्लो जेट. लक्षण अगदी ठळक असते: गाडी वेगात बरी चालते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की अडखळते आणि बंद पडते. ठिणगीचा दोष सहसा याच्या उलट वागतो आणि जोर लावला की अधिक उघडा पडतो. एवढा एक फरक पाळला तरी निम्मे प्लग आणि पॉइंट विनाकारण बदलले जाणार नाहीत.

उभ्या गाडीचे हे शास्त्र नवे आहे असे नाही. एके काळी ते सर्वांना लागत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जुलै १९४२ मध्ये खासगी वापरासाठीचा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद झाला. तो जून १९४५ मध्ये परत आला आणि रेशनिंग संपायला मे १९५० उजाडले. लाखो गाड्या ठोकळ्यांवर चढल्या. टाकी रिकामी करायची, बॅटरी काढायची, प्लगच्या भोकातून ऑइल सोडायचे, अधूनमधून इंजिन हाताने फिरवायचे, हे नियम त्या पिढीला तोंडपाठ होते. भारतातही पेट्रोलवर नियंत्रण आले आणि कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवल्या गेल्या. त्या काळच्या गाड्यांबरोबर येणाऱ्या पुस्तिकांमध्ये गाडी दीर्घकाळ ठेवण्याविषयी सूचना असत. पण स्वातंत्र्योत्तर मुंबईत मोटार इतकी दुर्मीळ आणि मोलाची वस्तू झाली की ती उभी ठेवणे कुणालाच परवडत नव्हते. मग उभ्या गाडीचे ज्ञान वापराअभावी मागे पडले. गाडी उभी राहण्याची वेळ आली ती १९८३ च्या अखेरीस मारुती आल्यानंतर. घरात नवी गाडी आली, जुनी फियाट आठवण म्हणून राहिली, कधी वडिलांच्या नावावर, कधी वाटण्या न झाल्यामुळे. म्हणजे उभ्या गाड्या वाढू लागल्या तेव्हा त्यांचे शास्त्र विस्मरणात गेले होते, आणि हाताशी होते ते फक्त टॅक्सीचे शास्त्र.

याच काळात आणखी एक बदल झाला: खुद्द पेट्रोल बदलले. तुर्भ्याच्या दोन रिफायनऱ्या १९५४ आणि १९५५ मध्ये सुरू झाल्या आणि मुंबईच्या फियाट अनेक दशके शिसेयुक्त पेट्रोलवर चालल्या. शिशाचे संयुग इंजिनाचे ठोके रोखण्यासाठी मिसळले जाई आणि त्याचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीलाही सांभाळून घेई. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेमुक्त पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. लोकांच्या आरोग्यासाठी, विशेषतः मुलांच्या मेंदूसाठी, हा निर्णय अत्यंत योग्य होता. निदानावर मात्र त्याचा परिणाम झाला. जुना मिस्त्री प्लगचा रंग वाचत असे: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, तपकिरी म्हणजे निरोगी. हा रंग वाचण्याची सवय शिशाच्या काळात पक्की झाली होती. शिसेमुक्त पेट्रोलवर प्लग फिका दिसतो आणि जुन्या नजरेला निरोगी इंजिनही उपाशी वाटू शकते. पुढे जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आला. पुरवठ्याच्या अडचणींमुळे तो अडखळला, पण २०२२ मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो हवा पुरते. संगणक असलेली गाडी हा फरक ओळखून इंधन वाढवते. फियाटच्या कार्बोरेटरला तसे काही ठाऊक नसते. त्याचे जेट जुन्या पेट्रोलसाठी छिद्रलेले असतात, म्हणून मिश्रण सुमारे आठ टक्के हलके होते आणि निरोगी इंजिनही क्वचित अडखळते. त्यातच इथेनॉल पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकटा सुटा करून पुढे ढकलते.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो: मग सगळा दोष इथेनॉलचाच म्हणा आणि मोकळे व्हा. आज हे मत गॅरेजात सर्रास ऐकू येते, पण ते पुराव्याला धरून नाही. डिंक इथेनॉलच्या कितीतरी आधीचा आहे. १९९८ साली उभी केलेली गाडी तशीच राहिली असेल, तर तिच्या टाकीत इथेनॉलचा थेंबही गेलेला नाही. तिच्या जेटमधला थर शिशाच्या काळातल्या पेट्रोलचा आहे, आणि तो साफ करताना शिशाची काळजी घ्यावी लागेल, तोंडाने जेट फुंकण्याची जुनी सवय सोडावी लागेल. २०१२ मध्ये उभी केलेल्या गाडीत थोडे इथेनॉल असण्याची शक्यता आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, अशा गाडीचे दुखणे तिसरे. आणि २०२५ नंतर उभ्या राहणाऱ्या गाडीत पाण्याचा थर, फुगलेल्या नळ्या आणि धातूवरची पांढरी भुकटी यांचा संशय आधी घ्यावा लागेल. तारीख विचारली की एका सरसकट आरोपाऐवजी चार वेगळी निदाने हाती येतात. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा विचारही या देशात आजचा नाही, त्यासाठी १९४८ सालीच पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखाना उभारला आणि कुर्ल्याला मोटारींचाही. उसाचा उद्योग आणि मोटारीचा उद्योग महाराष्ट्रात शेजारी वाढले, आणि आज उसातून निघालेले इंधन कुर्ल्याच्या इंजिनाला कसे मानवते, हा तांत्रिक प्रश्न आपल्याच औद्योगिक इतिहासातून आला आहे. त्याला उत्तरही अभ्यासाने द्यावे लागेल, रागाने नाही.

तारखेइतकेच महत्त्व जागेला आहे. गिरगाव, दादर किंवा रत्नागिरीत उभ्या गाडीला पावसाळ्याचे चार महिने दमट, खारी हवा मिळते. अर्ध्या भरलेल्या टाकीत दिवस-रात्रीच्या तापमानाने हवा आतबाहेर होते, बाष्प आत येते, पाणी तळाशी बसते आणि पत्रा आतून गंजतो. नागपूर-अमरावतीकडे उन्हाळ्याची कोरडी उष्णता पेट्रोलचे हलके घटक लवकर उडवते आणि रबराला तडे पाडते. म्हणून कोकणातून आलेल्या उभ्या गाडीत आधी टाकी आणि उघडे राहिलेले सिलिंडर तपासावेत, आणि विदर्भातून आलेल्या गाडीत आधी नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅस्केट. गावच्या घरी पडवीत राहिलेल्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये उंदराचे घरटे आहे का, वायरी कुरतडल्या आहेत का, हेही स्टार्टर फिरवण्याआधी पाहावे. ज्या मिस्त्रीने मुंबईबाहेरची गाडी क्वचित पाहिली त्याला हा भेद सुचत नाही, आणि त्यात त्याची हुशारी कमी पडते असे मुळीच नाही. त्याच्यासमोर तसा रुग्ण आलाच नव्हता.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. पंप नवा, कार्बोरेटर नवा, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सगळे बदलून टाकले तर निदानाचा खटाटोप कशाला? काही वेळा हा मार्ग चालतो. पण कारण जागेवर राहिले तर नवे भागही त्याच कारणाला बळी पडतात. टाकी गंजलेली असेल तर नव्या पंपात आणि नव्या जेटमध्ये तोच कचरा पुन्हा येईल. तीच ती ‘दोन आठवड्यांनी पुन्हा मिसिंग’ची तक्रार बहुधा इथून उगवते: आधी कचरा काढला जातो, पण कचऱ्याचे मूळ राहते. शिवाय पन्नास वर्षांच्या गाडीचे मोल तिच्या मूळ भागांत आहे. मूळ कार्बोरेटर भंगारात गेला की कुर्ल्याच्या रस्त्यावरच्या जुन्या मालाच्या दुकानांतून तो पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून उभ्या गाडीचा क्रम असा हवा: आधी तारीख आणि जागा विचारा. मग स्टार्टर फिरवण्यापूर्वी सिलिंडरांत ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवा. टाकीतले पेट्रोल काढून काचेच्या बरणीत पाहा, तळाशी पाणी आहे का, वासाला वार्निशसारखे येते का. टाकी, नळ्या, पंप, जेट या वाटेने पुढे जा. इंजिन चालू लागले की दाब मोजा आणि दोन सिलिंडरांचा नमुना शोधा. त्यानंतर पॉइंट स्वच्छ करा, टायमिंगच्या वजनांना हलवून पाहा. प्लग आणि कंडेन्सर बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी. टॅक्सीच्या क्रमाच्या नेमका उलटा असा हा क्रम आहे, आणि दोन्ही क्रम आपापल्या जागी बरोबर आहेत.

ही चर्चा आताच का, याचे कारण दोन तारखांत आहे. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी शहराच्या रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर धावत्या फियाटची शाळा बंद झाली. त्याआधी जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळाली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची आहे. सत्तरच्या दशकात निघालेल्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. म्हणजे बहुतेक काळ उभे राहणे हीच या गाड्यांची कायद्याने मान्य केलेली अवस्था होणार आहे. कोणी म्हणेल की धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्या जपाव्यात कशाला. त्यांची संख्या थोडी आणि फिरणे त्याहून थोडे आहे. आणि जास्तीत जास्त न जळलेले पेट्रोल हवेत सोडते ती अडखळणारीच गाडी, त्यामुळे नीट निदान हा प्रदूषणावरचाही उपाय ठरतो.

त्याहून मोठे कारण ज्ञानाचे आहे. कुर्ल्यात बनलेले इंजिन आणि त्याभोवती उभी राहिलेली मिस्त्रींची विद्या हा महाराष्ट्राच्या कामगार इतिहासाचा भाग आहे, आणि ही विद्या लिहिली गेलेली नाही. १९५० पासून चाललेल्या शासकीय कारागीर प्रशिक्षणात मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, पण काळाबरोबर त्याला नव्या इंजिनांकडे जावेच लागणार. म्हणून जबाबदारी जुन्या गाड्यांच्या मालकांवर, त्यांच्या मंडळांवर आणि अजून काम करणाऱ्या मिस्त्रींवर येते. प्रत्येक जुन्या गाडीबरोबर एक नोंदवही असावी: गाडी कधी उभी केली, कुठे, टाकीत किती आणि कोणत्या टक्केवारीचे इंधन होते, ते काढले का, इंजिन पुन्हा सुरू करताना काय आढळले, कोणत्या कृतीने काय सुधारले. अशा शंभर वह्या एकत्र आल्या, तर उभ्या फियाटचे रोग अंदाजाने नव्हे, नोंदींवरून सांगता येतील आणि माझ्या मांडणीतला क्रम जिथे चुकत असेल तिथे तो दुरुस्तही होईल. टॅक्सीने मिस्त्रीला जे शिकवले ते रोजच्या शेकडो गाड्यांच्या संख्येने शिकवले. आता ती संख्या उरली नाही, तिची जागा फक्त लिहून ठेवलेला अनुभवच भरून काढू शकतो.